घड्याळांचें दीर्घायुष्य

माणसानें केलेल्या वस्तूंपैकीं कांहीं स्वस्थ राहूनच टिकतात. देवळाचा दगड, ताम्रपट, सोन्याचा दागिना यांस टिकण्याकरितां कांहींच करावें लागत नाहीं. त्यांस कोणी हात लावला नाहीं म्हणजे झालें. घड्याळाची गोष्ट निराळी आहे. तें चालतें म्हणूनच त्यास घड्याळ म्हणावयाचें. आणि जी वस्तु अहोरात्र चालते ती झिजल्यावांचून राहत नाहीं. असें असूनही उंची यांत्रिक घड्याळांविषयीं सर्वत्र समजूत अशी आहे कीं, असें घड्याळ एकदां घेतलें म्हणजे तें मुलाच्याच नव्हे, तर नातवाच्याही उपयोगीं पडतें. विकणारे हेंच सांगतात व घेणारे हेंच मनांत धरून मोठाली किंमत मोजतात. ही समजूत अगदींच निराधार आहे असें नाहीं. दोनशें वर्षांपूर्वीं केलेलीं कित्येक घड्याळें आजही चालतात व बऱ्यापैकीं वेळ दाखवितात. परंतु हें आयुष्य त्यांना कोणी दिलें? वरच्या सोन्यानें, आंतल्या पोलादानें, कीं आणखी कशानें? ह्या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या आधारें करावा असा आमचा हेतु आहे.

आपल्याकडील घटिकापात्र वाचकांच्या परिचयाचें आहे. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावयाची. ती चोवीस मिनिटांनीं भरून बुडाली म्हणजे एक घटिका झाली. ह्या साधनांत झिजण्यासारखें जवळजवळ कांहींच नाहीं. मात्र दर घटिकेस तें पात्र उचलून रिकामें करणारा माणूस जवळ बसलेला असावा लागतो. यांत्रिक घड्याळ निघालें तेव्हां हा माणूस उठून गेला असें लोकांस वाटलें. वस्तुतः तो गेला नाहीं. घटिकेऐवजीं त्याचें काम दिवसांतून एकदां किल्ली देण्यापुरतें उरलें, आणि त्याहून नाजूक असें दुसरें एक काम कांहीं वर्षांनीं एकदां करावयाचें म्हणून मागें राहिलें. आपण ज्यास ‘तेलपाणी’ म्हणतों तेंच हें काम. यंत्रानें माणूस नाहींसा केला नाहीं. त्याची पाळी मात्र लांबविली. उंची घड्याळांच्या दीर्घायुष्याचा सारा इतिहास ह्या लांबलेल्या पाळीचा इतिहास आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें यंत्र किती श्रम करितें तें पाहूं. डबींत गुंडाळलेली मोठी कमान उलगडतांना चाकांच्या मालिकेस ओढ देते. शेवटच्या चाकाशीं एक अडसर असतो, त्यास एस्केपमेंट म्हणतात. तो चाकाचा एकेक दांत अडवितो आणि सोडतो, व सोडतांना तोलचक्रास हलकासा धक्का देतो. तोलचक्राच्या आंसाला केंसासारखी बारीक कमान गुंडाळलेली असते. कारागीर तिला बालकमान म्हणतात. तिच्यामुळें चक्र ठराविक वेळांत पुढें-मागें झुलतें. जुन्या चालीचें मनगटी घड्याळ तासांत १८,००० झोंके घेतें, म्हणजे दिवसांत ४,३२,००० व वर्षांत पंधरा कोटींहून अधिक. हल्लींचीं बहुतेक घड्याळें तासास २८,८०० झोंके घेतात. त्यांचा वर्षाचा हिशेब पंचवीस कोटींच्या वर जातो. हे सर्व झोंके ज्या टोंकांवर तोलले जातात तीं टोंकें एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जाड असतात. एवढ्याशा टोंकावर एवढा भार वर्षानुवर्षे टिकावयाचा, तर त्याखालीं झिजणार नाहीं असा आधार पाहिजे आणि घर्षण शमविणारें तेल पाहिजे.

पहिल्या गरजेवर उपाय लवकर सांपडला. सन १७०४ मध्यें निकोलास फाशियो द द्युयिए ह्या स्विस गणितज्ञानें लंडनमधील डेबोफ्र बंधूंच्या सहकार्यानें माणकाला भोंक पाडून त्यांत आंसाचें टोंक बसविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. हा फाशियो न्यूटनचा स्नेही होता. माणिक पोलादाहून कठीण, त्यास गंज चढत नाहीं व तें गुळगुळीत घांसतां येतें. घड्याळावर ‘१७ ज्वेल’ असें छापलेलें आपण वाचतों त्याचा उगम हा होय. तीं रत्नें शोभेचीं नव्हत. तीं आंसांचीं उखळें होत. पुढें फ्रेंच रसायनज्ञ व्हेर्नुईनें १९०२ मध्यें कृत्रिम माणिक तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि हा आधार अगदीं स्वस्त झाला.

दुसरी गरज मात्र तीन शतकें कारागिरांच्या मागें लागून राहिली. तेल हें घड्याळाचें जीवन आणि तेंच त्याचें मरण. बदामाचें, ऑलिव्हचें, गुरांच्या पायांच्या हाडांचें अशीं निरनिराळीं तेलें वापरून झालीं. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील न्यू बेडफर्ड बंदरांत शिंशुक जातीच्या समुद्रप्राण्यांच्या जबड्यांतून काढलेलें तेल उत्तम समजलें जाई, व तें जगभरच्या घड्याळजींकडे जाई. पण प्राण्याचें असो कीं झाडाचें असो, असें तेल हवेनें खंवट होतें, दाटतें, चिकटतें. त्यांत आम्ल उत्पन्न होतें व तें पितळ खातें. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांत ताक ठेवलें असतां तें कळकतें हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. घड्याळाच्या पोटांत तोच प्रकार थेंबभर तेलानें घडतो. तेल वाळलें कीं टोंक कोरडें फिरूं लागतें. घर्षणानें उडालेली बारीक पूड उरल्यासुरल्या तेलांत मिसळते व त्याचा घांसण्याचा लेप बनतो. म्हणजे ज्या तेलानें आंस वांचवावयाचा, तेंच त्याला कानशीसारखें घांसूं लागतें. घड्याळ ह्या स्थितींतही कांहीं वर्षें चालत राहतें आणि त्यामुळें मालकास वाटतें कीं सर्व ठीक आहे. चालतें आहे तोंवर उघडूं नये हा विचार किती घातक आहे हें यावरून दिसेल.

तेलाचा हा जाच पुरतेपणीं ओळखून त्यावांचून चालणारें यंत्र करावयाचें असा हट्ट धरणारा एक पुरुष होऊन गेला. तो म्हणजे समुद्रावर रेखांश काढण्याच्या घड्याळाचा जनक जॉन हॅरिसन. तो मूळचा सुतार. त्यानें आपल्या पहिल्या घड्याळांत लिग्नम व्हिटी नांवाच्या चिवट, अंगचें तेल असलेल्या लांकडाचे भाग वापरले आणि जेथें घर्षण होणार तेथें फिरत्या लाटा बसविल्या. १७३५ सालचें त्याचें पहिलें सागरी घड्याळ व त्यामागून झालेलीं दोन, हीं तिन्ही तेलावांचून चालणारीं होतीं. पण तीं होतीं मोठ्या पेटीएवढीं अवजड. १७५९ मध्यें पुरें झालेलें चौथें मात्र मोठ्या खिशांतल्या घड्याळासारखें होतें. १७६१ च्या जमेका बेटाच्या सफरींत त्यानेंच एक्याऐशीं दिवसांत सुमारें पांच सेकंदांचीच चूक दाखवून जगास चकित केलें. एवढ्या लहान यंत्रांत लांकडास व लाटांस जागा नव्हती. तेथें हॅरिसनला रत्नांचा आणि तेलाचा आश्रय करावाच लागला.

ह्या चार यंत्रांची पुढची हकीकत आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. शंभराहून अधिक वर्षे तीं दुर्लक्षित पडलीं. १९२० मध्यें रूपर्ट गूल्ड ह्या ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यास तीं ग्रीनिच येथें मळलेल्या व गंजलेल्या स्थितींत आढळलीं. गूल्ड घड्याळजी नव्हता. पण त्यानें तीं स्वच्छ करण्याचें काम अंगावर घेतलें आणि १९३३ पर्यंत तें तडीस नेलें. आज पहिलीं तीन चालवितां येतात. चौथें, जें सर्वांत यशस्वी आणि आपल्या मनगटी घड्याळांचें खरें पूर्वज, तें मात्र संग्रहालयाचे लोक बंदच ठेवितात. कारण त्यास तेल लागतें, व तेल लागतें म्हणजे चालतांना तें झिजणारच. यांत आम्हांस दोन गोष्टी दिसतात. एक, लहान व अचूक यंत्राचें आयुष्य तेलाशीं बांधलेलें आहे. दुसरी, उत्तमांत उत्तम यंत्र सुद्धां कोणी पाहणारा नसला तर दगडासारखें पडून राहतें. त्यास पुनः जिवंत करितो तो माणूस.

उंची घड्याळांचा विचार ब्रेगेचें नांव घेतल्यावांचून पुरा होत नाहीं. अब्राहम-लुई ब्रेगे (१७४७-१८२३) हा स्वित्झर्लंडांतील नशाटेल येथें जन्मला व पॅरिसमध्यें नांवारूपास आला. तोलचक्राचा नाजूक आंस घड्याळ पडतांच मोडतो, म्हणून त्याच्या टोंकास लवचिक कमानीचा आधार देण्याची युक्ति त्यानें १७९० च्या सुमारास काढली. राणी मारी आंत्वानेतसाठीं म्हणून १७८३ मध्यें त्याच्याकडे एका अद्वितीय घड्याळाची मागणी आली. तें १६० व्या क्रमांकाचें घड्याळ १८२७ मध्यें पुरें झालें. राणीचा शिरच्छेद १७९३ मध्यें झाला होता आणि खुद्द ब्रेगेही चार वर्षांपूर्वीं वारला होता. हेंच घड्याळ १८३८ मध्यें एका वृद्ध सरदारानें दुरुस्तीकरितां ब्रेगेच्या दुकानांत आणून ठेवलें व तो परत नेण्यास आला नाहीं, अशी दुकानाच्या दप्तरांत नोंद आहे. पुढें तें यरुशलेमच्या संग्रहालयांत गेलें, १९८३ मध्यें तेथून चोरीस गेलें व २००७ मध्यें परत मिळालें. येथें महत्त्वाचें हें कीं, ब्रेगेच्या दुकानानें विकलेल्या घड्याळांची आणि दुरुस्तीस आलेल्यांचीही नोंद ठेविली. कोणतें घड्याळ केव्हां केलें, कोणास दिलें, केव्हां परत आलें, हें त्या वह्यांवरून कळतें. विक्रीनें आपला संबंध संपला असें तो कारागीर मानीत नव्हता.

त्या काळीं दुरुस्तीची एक मोठी सोय होती व एक मोठी अडचण होती. प्रत्येक घड्याळाचे भाग हातानें त्यापुरतेच घडविलेले असत. एकाचा आंस दुसऱ्यांत बसत नसे. परंतु ज्याच्या अंगीं कसब आहे असा कोणताही घड्याळजी मोडलेला भाग स्वतः लेथवर कांतून, घांसून, पाणी देऊन नवा करूं शके. त्यास मूळ दुकानाकडे जावें लागत नसे. काम सावकाश होई आणि महाग पडे, पण तें कोठेंही होई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही स्थिति पालटली. अमेरिकेंत वॉल्थम येथील कारखान्यानें यंत्रांवर एकसारखे भाग काढण्यास सुरुवात केली. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनास लाँजिन कारखान्याचा झाक दाविद हा स्विस इंजिनियर गेला होता. त्यानें परत येऊन आपल्या देशबांधवांस स्पष्ट बजाविलें कीं, जुन्या रीतीनें आतां भागावयाचें नाहीं. स्विस लोकांनीं तें ऐकलें. त्यापूर्वींच त्यांच्याकडील रॉस्कोफनें १८६७ मध्यें अवघ्या वीस फ्रँकांचें मजुरांचें घड्याळ बाजारांत आणलें होतें. तेंच आपल्याकडे ‘रास्कोप’ म्हणून घरोघर माहीत झालें. रास्कोपांत माणकांची मिजास नव्हती. स्वस्त घ्यावें, वापरावें, अगदींच बिघडलें तर टाकावें, असा त्याचा स्वभाव. उंची घड्याळ ह्याच्या उलट. तें टाकण्याकरितां नव्हे, उघडण्याकरितां केलेलें असतें. त्याचा प्रत्येक भाग स्क्रूनें बसविलेला, प्रत्येक पूल सुटा करतां येण्याजोगा. परंतु एकसारख्या भागांची रीत त्यानेंही पतकरली, आणि तेव्हांपासून दुरुस्ती म्हणजे भाग घडविणें न राहतां भाग मागविणें झाली. काम लवकर व चांगलें होऊं लागलें हें खरें. परंतु घड्याळजीचा हात कारखान्याच्या कोठाराशीं बांधला गेला हेंही तितकेंच खरें.

विसाव्या शतकानें यंत्राच्या द्रव्यांत जी सुधारणा केली ती विलक्षण होती. शार्ल एदुआर गियोम ह्या स्विस शास्त्रज्ञानें निकेल व पोलाद यांच्या अशा मिश्रधातू शोधिल्या कीं, उष्णतेनें त्यांचा आकार किंवा लवचिकपणा फारसा बदलत नाहीं. त्यास १९२० चें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या पोलादाची बालकमान गंजत असे व चुंबकाच्या संगतीनें बिघडत असे. तिची जागा नव्या मिश्रधातूनें घेतली. जुनी मुख्य कमान वारंवार तुटे. न तुटणाऱ्या, न गंजणाऱ्या कमानी आल्या. ब्रेगेची धक्का सोसण्याची युक्ति नव्या रूपांत सर्वसामान्य झाली. प्रयोगशाळेंत केलेलीं तेलें आलीं; तीं खंवट होत नाहींत. पूर्वी तीन-चार वर्षांनीं तेलपाणी अवश्य असे. आतां कित्येक कारखाने सात ते दहा वर्षांची मुदत सांगतात. आमच्या शतकांत सिलिकॉनच्या बालकमानी व चाकें निघालीं आहेत. त्यांस चुंबक बाधत नाहीं आणि तेलही फारसें लागत नाहीं.

वस्तु अशी अधिकाधिक टिकाऊ होत असतांनाच तिची रक्षा करणारा माणूस नाहींसा होण्याची वेळ आली, ही ह्या इतिहासांतील मोठी विसंगति आहे. १९६९ च्या डिसेंबरांत जपानच्या सेको कंपनीनें पहिलें क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विक्रीस काढलें. पुढील पंधरा वर्षांत स्विस घड्याळधंद्यांतील कामगारांची संख्या सुमारें ९०,००० वरून तीस हजारांच्या आसपास उतरली. कारखाने मोडले, हत्यारें भंगारांत गेलीं, शिकाऊ मुलें येईनाशीं झालीं.

ह्या पडझडींत घडलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ल लोक्ल गांवच्या झेनिथ कारखान्यानें १९६९ च्या जानेवारींत ‘एल प्रिमेरो’ नांवाचें आपोआप किल्ली बसणारें क्रोनोग्राफ यंत्र जाहीर केलें होतें; त्याचें तोलचक्र तासास ३६,००० झोंके घेई. कारखाना पुढें शिकागोच्या मालकांच्या हातीं गेला व १९७५ मध्यें त्यांनीं यांत्रिक घड्याळें बंद करून त्यांचीं साधनें मोडीत काढण्याचा हुकूम दिला. शार्ल वेर्मो नांवाच्या तेथील कारागिरानें हें करूं नये म्हणून वरिष्ठांस लिहिलें. उपयोग झाला नाहीं. तेव्हां त्यानें ठसे, कातणीचीं हत्यारें व आराखडे हळूहळू माळ्यावर नेऊन लपविले आणि कोणती वस्तु कोठें ठेविली व कशाकरितां वापरावयाची याची नोंद लिहून ठेविली. कारखाना १९७८ मध्यें पुनः स्विस मालकांकडे आला. नंतर यांत्रिक घड्याळांची मागणी परतली तेव्हां ह्याच लपविलेल्या सामग्रीच्या बळावर तें यंत्र पुनः सुरू झालें. १९८८ मध्यें रोलेक्सनें आपल्या डेटोना घड्याळांत तें घातलें. मात्र त्याचा वेग ३६,००० वरून २८,८०० केला. वेग जितका अधिक तितकी अचूकता अधिक, पण झीजही अधिक. रोलेक्सनें थोडी चपळाई सोडून दीर्घायुष्य पसंत केलें. तें यंत्र कोणत्या मिश्रधातूनें वांचलें? कोणत्याच नाहीं. तें एका माणसाच्या अवज्ञेनें व त्याच्या वहीनें वांचलें.

त्याच सुमारास इंग्लंडांत जॉर्ज डॅनियल्स (१९२६-२०११) हा पुरुष उलट दिशेनें चालला होता. त्याचा प्रारंभ दुरुस्तीच्या कामानें झाला. ब्रेगेचीं घड्याळें उघडून तीं साफ करतां करतां तो त्यांचा सर्वश्रेष्ठ जाणकार बनला, आणि त्यावरून पुढें सबंध घड्याळ एकट्यानें करूं लागला. तेल दाटतें कोठें व घड्याळ थकतें कशानें हें हातानें अनुभवलेल्या ह्या माणसानें घसट कमी करणारी नवी ‘कोॲक्सियल’ एस्केपमेंट रचली. कित्येक कारखान्यांनीं ती नाकारली. शेवटीं १९९९ मध्यें ओमेगानें ती बाजारांत आणली. अडीचशें वर्षांपूर्वीं हॅरिसनला सतावणारा प्रश्न येथें एका दुरुस्ती करणाऱ्यानें पुनः हातीं घेतला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. जो उघडतो त्यालाच दोष दिसतो. आणि ज्याला दोष दिसतो तोच सुधारणा करितो.

यांत्रिक घड्याळांचा व्यापार आज पुनः भरभराटीस आला आहे. तथापि त्यांच्या दीर्घायुष्याचा प्रश्न सुटला असें आम्हांस म्हणवत नाहीं. कित्येक बडे कारखाने आपले सुटे भाग स्वतंत्र घड्याळजींस देत नाहींत; दुरुस्ती आपल्याकडे किंवा आपल्या मान्य दुकानांतच व्हावी असा त्यांचा आग्रह आहे. ह्याविरुद्ध युरोपांतील घड्याळजींच्या संघानें २००४ मध्यें युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगानें २००८ मध्यें ती फेटाळली. २०१० मध्यें न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. २०१४ मध्यें आयोगानें ती पुनः फेटाळली आणि २०१७ मध्यें न्यायालयानें आयोगाचें म्हणणें कायम केलें. कारखान्यांची बाजू अगदींच पोकळ आहे असें नाहीं. नाजूक यंत्र अर्धवट शिकलेल्याच्या हातीं गेलें तर त्याचा नाश होतो, आणि बनावट भागांचाही सुळसुळाट आहे. कांहीं जुनीं घराणीं आपला शब्द पाळतातही. जिनिव्हाचें पातेक फिलिप हें १८३९ मध्यें स्थापन झालें तेव्हांपासूनच्या आपल्या कोणत्याही घड्याळाची दुरुस्ती करूं असें सांगतें. परंतु सर्वच घराणीं दोनशें वर्षें टिकतील, अशी हमी कोण देईल? झेनिथच्या शिकागोकर मालकांनीं दिलेला हुकूम दुसरे मालक पुनः देणार नाहींत असें थोडेंच आहे? ज्या दिवशीं एकाच दाराशीं भाग मिळतात आणि तें दार बंद होतें, त्या दिवशीं उत्तमोत्तम मिश्रधातूची कमान निरुपयोगी होते. ब्रेगेचें घड्याळ आज चालतें, कारण त्याचा आंस कोणाही जाणत्या कारागिरास नवा करतां येतो. सिलिकॉनची बालकमान मात्र कोणत्याही घड्याळजीच्या मेजावर होणारी वस्तु नव्हे. ती करावयास प्रयोगशाळाच हवी.

सन २०२० मध्यें युनेस्कोनें स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या विनंतीवरून यांत्रिक घड्याळांच्या कारागिरीस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत घातलें. वारसा म्हणून यादींत घातली ती घड्याळें नव्हत, तर कारागिरी, हें आम्हांस फार योग्य वाटतें. सोनें कपाटांत ठेवितां येतें. कसब एका हातानें दुसऱ्या हातास दिल्यावांचून टिकत नाहीं. कित्येक कुटुंबांत आजोबांचें एखादें किल्लीचें घड्याळ असतें, व तें वडिलांच्या पेटींत बंद पडलेलें असतें. तें कोणत्या नांवाचें व किती माणकांचें आहे ह्याची चौकशी सर्व जण करितात; त्याचें तेलपाणी शेवटचें केव्हां झालें हें क्वचितच कोणी विचारतो. घड्याळ पुढल्या पिढीस द्यावयाचें असेल तर पहिल्या प्रश्नापेक्षां हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि गल्लींतील जुन्या घड्याळजीच्या हाताखालीं कोणी शिकतो आहे कीं नाहीं, हा तिसरा प्रश्न त्याहूनही महत्त्वाचा आहे.